गृहीत धरलेला दुर्ग

‘इलिप्टिक कर्व्ह’ या नावात इलिप्स आहे, वक्रात मात्र तो कुठेच नाही. गुप्तलेखनाच्या या शाखेविषयी मराठीत लिहू पाहणारा पहिल्यांदा इथेच अडखळतो. ‘लंबवर्तुळीय वक्र’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे ग्रहाची अंडाकृती कक्षा उभी राहते. मग लेखक पुढच्याच ओळीत सांगतो, की य चा वर्ग हा क्ष चा घन, क्ष ची काही पट आणि एक ठरलेली संख्या यांच्या बेरजेएवढा असला की हा वक्र मिळतो. कागदावर काढून पाहावा तर कधी एकच नागमोडी रेष दिसते, कधी एक बंद वाटोळा तुकडा आणि त्याच्या शेजारी दोन्ही टोकांनी उघडी रेष. पुणेकर आडनावाचे घराणे तीन पिढ्या सोलापुरात राहत असावे, तशी या नावाची गत आहे.

घराणे निघाले होते मात्र पुण्याहूनच. १६०९ मध्ये केप्लरने मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे छापले आणि त्या कक्षेच्या कमानीची लांबी मोजायची निकड आली. वर्तुळाचा परीघ सुटतो; लंबवर्तुळाचा नेहमीच्या सूत्रांत बसत नाही. त्यासाठी जी इंटिग्रल मांडावी लागतात तशीच इंटिग्रल लागणाऱ्या एका वक्रावर फान्यानो या इटालियन सरदाराने काम केले. त्याचे लेख १७५१ च्या डिसेंबरात ऑयलरच्या हाती पडले आणि अशा दोन कमानींची बेरीज कशी करायची याचा नियम त्यातून निघाला. तो दिवस म्हणजे इलिप्टिक फलनांचा जन्मदिवस, असे याकोबीने पुढे म्हटले. लजांद्रने १८२५ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘इलिप्टिक’ हे विशेषण पक्के केले, आबेल आणि याकोबी यांनी ती इंटिग्रल उलटी फिरवली, आणि उलटवलेली फलने एका घन समीकरणात बसतात असे दिसले. ते समीकरण म्हणजे आपला वक्र. लंबवर्तुळ वाटेत गळून पडले, विशेषण चिकटून राहिले.

मुळात ‘इलिप्स’ म्हणजे तरी काय? ग्रीक ‘एलैप्सिस’ म्हणजे उणेपणा. इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास पर्गा इथल्या अपोलोनियसने शंकूच्या छेदांना जी नावे दिली ती क्षेत्रफळांच्या मापावरून. ठरलेल्या रेषेवर आयत बसवायचा. बरोबर बसला तर ‘पॅराबोले’, उणा पडला तर ‘एलैप्सिस’, वरचढ झाला तर ‘हायपरबोले’. वक्तृत्वशास्त्रातही हेच तीन शब्द आहेत: दृष्टांतकथा, अध्याहृत आणि अतिशयोक्ती. आपल्या परिभाषेने पॅराबोलाला ‘अन्वस्त’ आणि हायपरबोलाला ‘अपास्त’ म्हटले. पाठ्यपुस्तकात हे शब्द दगडासारखे लागतात, पण ते फार नीट घडवलेले आहेत. ग्रीक ‘बालैन’ म्हणजे फेकणे. संस्कृत ‘अस्’ या धातूचा एक अर्थही फेकणे, ज्यावरून ‘अस्त्र’ आले. शेजारी टाकलेले ते अन्वस्त, दूर फेकलेले ते अपास्त. धातूसकट कलम केले आहे. इलिप्ससाठीचा ‘विवृत्त’ हा तिसरा शब्द या दोघांच्या घरातला नाही, आणि मला तर ‘लंबवर्तुळ’च बरा वाटतो. हे फेकणे लक्षात असू द्यावे, पुढे ते पुन्हा लागणार आहे.

आता बेरीज. या वक्रावरचे दोन बिंदू घेऊन त्यांतून सरळ रेषा काढली की ती वक्राला तिसऱ्या बिंदूत छेदते. त्या बिंदूचे आडव्या अक्षापलीकडचे प्रतिबिंब म्हणजे आधीच्या दोघांची बेरीज. दोन उत्तरांतून तिसरे उत्तर काढायचे हा विचार आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याला सुंदर नाव आहे: भावना. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त वर्गप्रकृतीसाठी ही रीत सांगितली. एका वर्गातून दुसऱ्या वर्गाची काही पट वजा केली की १ उरावा, असे पूर्णांक शोधायचे. एकदा दोन जोड्या सापडल्या की त्यांची ‘भावना’ करून तिसरी जोडी. ‘भू’चे प्रयोजक रूप, म्हणजे अस्तित्वात आणणे, उपजवणे. मनात उपजते ती भावना हा अर्थ आपण रोज वापरतो. वैद्यांकडे दुसरा जिवंत आहे: चूर्णाला आवळ्याच्या रसाची भावना देणे, म्हणजे रसात पुन्हा पुन्हा घोटून त्यात गुण उतरवणे. ब्रह्मगुप्ताच्या ज्या अध्यायात ही भावना येते त्याचे नाव कुट्टकाध्याय, आणि ‘कुट्टक’ म्हणजे कुटणारा. आधी कुटणे, मग भावना. बीजगणिताचा हा अध्याय औषधशाळेतून उठून आल्यासारखा वाटतो. गंमत अशी, की आजच्या वक्रावर बिंदूंची बेरीज करताना जो भागाकार लागतो तो पूर्णांकांच्या बाकीत करावा लागतो, आणि तो सोडवायची रीत म्हणजे कुट्टकच.

भास्कराचार्यांनी बीजगणितात ६१ पटीचे उदाहरण घेतले. त्याचे सर्वांत लहान उत्तर १,७६,६३,१९,०४९ आणि २२,६१,५३,९८० असे आहे. इवल्याशा प्रश्नातून एवढी उत्तरे उपजतात, ही भावनेची ताकद. गुप्तलेखनाला हवी असते तीच. एक बिंदू घ्या, त्याची स्वतःशीच बेरीज करा, दुप्पट, चौपट, आठपट. पट २५६ द्विमान अंकी असली तरी सुमारे २५६ वेळा दुप्पट आणि त्याहून कमी बेरजा यांत काम होते. सगळे गणित एका प्रचंड मूळसंख्येने भागून उरलेल्या बाकीत करायचे, म्हणजे आकडे फुगत नाहीत आणि बिंदू वक्रावर कुठल्या कुठे फेकले जातात. आरंभीचा बिंदू आणि शेवटचा बिंदू जगाला दाखवायचे. मधली पट ही आपली चावी. (चावी पोर्तुगीजांकडून आली, कुलूप अरबीकडून, आपली स्वतःची ती किल्ली, कीलाची म्हणजे खुंटीची लेक.) व्हॉट्सअ‍ॅपवर आपण सकाळी धाडलेल्या नमस्काराचे संरक्षणही अशाच एका वक्रावर उभे आहे. त्याचे नाव कर्व्ह-२५५१९, कारण त्याची मूळसंख्या २ चा २५५ वा घात वजा १९ अशी आहे.

दोन बिंदू पाहून मधली पट शोधणे याला ‘डिस्क्रीट लॉगरिदम’ म्हणतात. लॉगरिदम हा नेपियरने १६१४ मध्ये छापलेला शब्द: लोगोस म्हणजे गुणोत्तर आणि अरिथमॉस म्हणजे संख्या. हिंदीने त्याचे ‘लघुगणक’ केले. आवाजही जुळला आणि मोठे गुणाकार लहान होतात हा अर्थही. त्या शब्दापाशी फार थांबायचे कारण नाही. थांबायचे ते ‘डिस्क्रीट’पाशी.

लॅटिन ‘केर्नेरे’ म्हणजे चाळणे. दाणे एकीकडे, कोंडा एकीकडे. त्याला ‘डिस्’ लागून झाले ‘डिस्क्रेटुस’, वेगवेगळे केलेले. इंग्रजीत त्याचे दोन भाऊ झाले, उच्चार एकच आणि स्पेलिंग निराळे: एक गणितातला सुटा-सुटा, दुसरा तोंडाला कुलूप घालणारा मितभाषी माणूस. ‘से’ हा उपसर्ग लागून झाले ‘सेक्रेटुस’, बाजूला काढून ठेवलेले, म्हणजेच सीक्रेट. आणि ‘केर्नेरे’चेच जुने कृदंत ‘केर्तुस’, चाळून ठरलेले, म्हणजे सर्टन. सुटे, गुपित आणि निश्चित हे तिन्ही शब्द एकाच चाळणीतून पडले आहेत.

संस्कृतातही तसेच घडले. ‘विच्’ म्हणजे निराळे करणे, विशेषतः सुपात पाखडून दाणा-कोंडा निराळा करणे. त्यावरून विवेक, आणि त्यावरूनच ‘विविक्त’. गीतेत हा शब्द एकांत जागेसाठी येतो. हिंदी परिभाषेत ‘विविक्त गणित’ म्हणजे डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स. म्हणजे वेगळेपण, एकांत आणि निवाडा या तीन कल्पना दोन भाषांनी स्वतंत्रपणे धान्य साफ करताना शोधल्या. मराठीत डिस्क्रीटसाठी ‘पृथक्’, ‘खंडित’ असे शब्द लिहिले जातात. माझे मत विचाराल तर ‘विविक्त’ घ्यावा. त्यात सुटेपणाही आहे आणि गुपिताचा एकांतही.

हा निव्वळ शब्दांचा खेळ वाटेल, पण कुलूप उघडायच्या हत्याराचे नावही चाळणीच आहे. इराटोस्थेनिसची मूळसंख्यांची चाळणी शाळेत सगळ्यांनी काढली आहे. तिच्याच वंशात १९८० च्या दशकात ‘क्वाड्रॅटिक सीव्ह’ आणि ‘नंबर फील्ड सीव्ह’ आल्या. त्यांचे तत्त्व असे, की मोठ्या संख्येशी थेट झुंजायचे नाही. ज्यांचे सगळे अवयव लहान मूळसंख्या आहेत अशा संख्या चाळून गोळा करायच्या आणि त्यांच्यातल्या नात्यांवरून उत्तर काढायचे. २०२० च्या फेब्रुवारीत २५० दशमान अंकी, म्हणजे ८२९ द्विमान अंकी संख्या याच मार्गाने अवयवांत फुटली; अशा संख्यांवर आरएसए ही दुसरी गुप्तलेखन पद्धत उभी आहे. साध्या पूर्णांकांच्या बाकीतले लॉगरिदमही या चाळणीला वश होते.

वक्रावर मात्र चाळणी हाती धरून काय चाळायचे? ‘लहान’ बिंदू म्हणजे कोणता? संख्येचे मूळ अवयव पडतात, बिंदूचे पडत नाहीत. आयबीएममधले व्हिक्टर मिलर आणि वॉशिंग्टन विद्यापीठातले नील कोब्लिट्झ यांनी १९८५ मध्ये, एकमेकांना न विचारता, हे वक्र गुप्तलेखनासाठी सुचवले ते याच आशेवर. मिलर यांनी लेखातच ही चाळणी इथे का चालू नये याची कारणे मांडली. या चाळणीयुक्तीचे शास्त्रीय नाव ‘इंडेक्स कॅल्क्युलस’. १९९८ मध्ये जोसेफ सिल्व्हरमन यांनी ती उलट्या बाजूने लावून पाहिली आणि रोमन लिपीतले ‘इंडेक्स’ उलटे वाचून तिला ‘झेडनी’ असे नाव दिले. गणितज्ञांचा विनोद. झेडनीही फसली. बाकींच्या जगातला बिंदू खऱ्या अपूर्णांकांच्या जगात उचलून न्यावा, तर त्याची ‘उंची’, म्हणजे साधारणपणे त्याच्या अंकांची लांबी, आवाक्याबाहेर जाते. कोब्लिट्झ यांनी या उंचीला सोनेरी ढाल म्हटले.

मग हल्लेखोराजवळ उरते काय? १९७८ मधली जॉन पोलार्ड यांची एक रीत. बिंदूंवरून उड्या मारत जायचे आणि पूर्वी पाहिलेला बिंदू पुन्हा कधी येतो याची वाट पाहायची. मार्गाला आधी शेपूट आणि मग वेढा पडतो, आकार ग्रीक ‘ऱ्हो’ अक्षरासारखा होतो, म्हणून नावही तेच. २५६ द्विमान अंकी वक्रावर या रीतीला सुमारे २ चा १२८ वा घात इतक्या पायऱ्या लागतात: ३४ वर ३७ शून्ये. २००९ मध्ये लोझान इथे दोनशेहून अधिक प्लेस्टेशन-३ खेळयंत्रे महिनोन् महिने चालवून ११२ अंकी वक्रावरचा प्रश्न सोडवला गेला. आरएसएचे ८२९ अंक फुटले आणि वक्राचे ११२, या दोन आकड्यांत सगळा फरक दिसतो. २५६ अंकी वक्र देतो तेवढीच सुरक्षितता हवी असेल तर आरएसएला ३,०७२ अंक लागतात ते यामुळे.

आणि खरेखुरे लंबवर्तुळ घेतले असते तर? त्यावरच्या बिंदूंचीही बेरीज होते. ब्रह्मगुप्ताची भावना अपास्तावरची आहे; वजाच्या जागी अधिक घातले की ती लंबवर्तुळावर चालते. पण तिथला लॉगरिदम शेवटी साध्या बाकींच्या जगातला लॉगरिदम ठरतो आणि चाळणी त्याला धरते. नावाला जागणारा वक्र या कामाला कुचकामी आहे.

इथवर ‘आशा’, ‘चालू नये’ असे शब्द मी मुद्दाम वापरले. कारण दोन बिंदूंमधली पट झटपट काढता येणारच नाही, असे कोणीही सिद्ध केलेले नाही. व्हिक्टर शूप यांनी १९९७ मध्ये एवढे दाखवले, की बिंदूंच्या अंगच्या गुणांकडे न पाहता केवळ बेरजा करत जाणाऱ्या रीतीला बिंदूंच्या संख्येच्या वर्गमुळाएवढ्या पायऱ्या टळत नाहीत. अंगचे गुण पाहणाऱ्या चतुराविषयी ते प्रमेय बोलत नाही. म्हणून या शास्त्रात ‘हार्डनेस असम्प्शन’ हा शब्द आहे. लॅटिन ‘आद्-सूमेरे’, आपल्याकडे घेणे. आपला शब्द त्याहून घट्ट आहे: ‘ग्रह्’ म्हणजे पकडणे, त्यावरून गृहीत, आणि आपण म्हणतो ‘गृहीत धरणे’. पकडलेले पुन्हा धरून ठेवायचे. हात जरा सैल पडला तर काय होईल याची धास्ती त्या दुहेरी पकडीत ऐकू येते.

‘प्रॉब्लेम’ हा शब्दही इथे आपल्या जुन्या घरी परततो. ग्रीक ‘प्रोब्लेमा’ म्हणजे पुढे फेकलेले, पुन्हा तोच ‘बालैन’. गणितातला प्रश्न हा त्याचा एक अर्थ. पण समुद्रात घुसलेले भूशिर, आडवा आलेला अडथळा, अंगापुढे धरलेली ढाल हेही अर्थ ग्रीकांत होते. गणितज्ञाने दोन हजार वर्षे प्रॉब्लेम सोडवण्यासाठी वापरला. गुप्तलेखनकाराने तो न सुटण्यासाठी, आडोसा म्हणून, पुढे धरला.

ढाल कधी कधी फुटतेही. ज्या वक्रावर बिंदूंची संख्या नेमकी मूळसंख्येइतकीच भरते त्याला ‘अनॉमलस’ म्हणतात. हा शब्द ‘नोमोस’ म्हणजे नियम यावरून आला असे पुष्कळांना वाटते. खरे तर तो ‘होमालोस’ म्हणजे सपाट, समान यावरून आला आहे. अर्थ असमान, ओबडधोबड. ज्याची संख्या बरोब्बर समान त्यालाच असमान म्हणायचे! १९९० च्या दशकाच्या अखेरीस तीन ठिकाणी स्वतंत्रपणे दिसून आले, की अशा वक्रावरचा लॉगरिदम चुटकीसरशी निघतो. ‘सुपरसिंग्युलर’ या आणखी एका जातीच्या वक्रांवरचा प्रश्न साध्या बाकींच्या जगात उतरवता येतो हे मेनेझेस, ओकामोतो आणि व्हॅनस्टोन यांनी त्याआधीच दाखवले होते. असे वक्र तेव्हापासून वगळले जातात.

सर्वांत मोठा दणका मात्र शेजारच्या घराला बसला. सुपरसिंग्युलर वक्रांवर, पण अगदी निराळ्या गृहीतावर ‘साइक’ नावाची पद्धत उभी होती; भावी क्वांटम संगणकालाही ती दाद देणार नाही असे मानले जाई. ती अमेरिकेच्या प्रमाणीकरण स्पर्धेच्या चौथ्या फेरीपर्यंत पोचली होती. २०२२ च्या जुलैत बेल्जियममधल्या लवेनच्या कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी ती साध्या संगणकाच्या एका गाभ्यावर तासाभरात फोडली. हत्यार होते १९९७ पासून छापील पडून असलेले एक प्रमेय. चाळणी भिंतीला टांगलेली होती. ती चाळणी आहे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. व्हॉट्सअ‍ॅपमधल्या वक्राला याने धक्का लागला नाही, कारण त्याचे गृहीत वेगळे आहे. पण गृहीत म्हणजे काय ते सर्वांना कळले.

कठीणपणाच्या या जातीसाठी पाणिनीने एक प्रत्ययच राखून ठेवला आहे. ‘खल्’ हा प्रत्यय ‘दुस्’ आणि ‘सु’ या उपसर्गांपुढे, अवघड आणि सोपे अशा अर्थी लागतो: दुष्कर आणि सुकर. दोन्ही रूपे एकाच सूत्रात. गुप्तलेखनाची सगळी मागणी या जोडीत मावते: जाताना सुकर, परतताना दुष्कर. आणि दुष्कर म्हणजे अशक्य नव्हे. ‘अ’ दार बंद करतो, ‘दुर्’ चढ दाखवतो. ‘दुर्ग’ या शब्दाचा अर्थच जिथे जाणे अवघड, असा आहे. आपल्या पूर्वजांनी किल्ल्याला ‘अगम्य’ म्हटले नाही, कारण ते किल्ल्यांत राहत होते आणि किल्ले घेतही होते. रायगड १८१८ च्या मे महिन्यात पडला तेव्हा त्याचे कडे तसेच ताठ होते. इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या होत्या. आपल्या वक्रासाठी अशा तोफेचा आराखडा पीटर शोर यांनी १९९४ मध्येच काढून ठेवला आहे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक बांधला गेला तर वक्रावरचा लॉगरिदमही निघेल आणि आरएसएही फुटेल. तेवढी मोठी तोफ अजून कोणी ओतलेली नाही. पण ती ओतली जाऊ शकते, म्हणूनच २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या प्रमाण संस्थेने नव्या, वेगळ्या गृहीतांवरच्या पद्धती प्रमाण म्हणून जाहीर केल्या.

तेव्हा बातम्या लिहिणाऱ्यांना, जाहिरातींचे मराठी करणाऱ्यांना आणि पाठ्यपुस्तक मंडळींना एक विनंती. या कुलपांविषयी लिहिताना ‘अभेद्य’ लिहू नका. ‘दुर्भेद्य’ हा शब्द कोशात आहे, उच्चाराला सोपा आहे, आणि आजच्या घडीला जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगतो.